बाहेरून लावलेलं कुलूप

आमच्या गल्लीत पहिलं घर फुटलं ते भर दुपारी. घरची माणसं बिलोलीला बारशाला गेली होती. सकाळी नऊला गेली आणि पाचला परत आली, तेवढ्यात सगळं उरकलं होतं. कळलं तशी इतर बायकांबरोबर मीही बघायला गेले. कपाट उघडं, कपडे खाली, हे ऐकून माहीत होतं. पण मी घाबरले ती स्वयंपाकघरात. ज्वारीच्या पिठाचा डबा फरशीवर पालथा केला होता आणि त्या पिठात एक पाऊल उमटलं होतं. अनवाणी पाऊल, पाचही बोटं स्पष्ट. आपण कुणाच्या घरी जाताना काढतो तशा त्यानं चपला दाराबाहेर काढल्या असाव्यात. त्या घरची बाई त्या पिठाला हात लावायला तयार नव्हती. मी घरी आले आणि आधी माझे डबे उघडून बघितले.

आमची वसाहत नांदेडच्या कडेला आहे. एक घर, मग दोन रिकामे प्लॉट, मग पुन्हा एक घर. रिकाम्या प्लॉटवर बाभळी माजलेल्या. दिवसा गल्लीत फारसं कोणी नसतं. पुरुष कामाला, पोरं शाळेत, निम्म्या बायकाही नोकरीवर. मी नायगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळी साडेआठला घर सोडायचं, संध्याकाळी सहाला परत. नवरा लातूरला सरकारी कार्यालयात, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. मुलगी पुण्याला शिकते. त्यामुळे आठवड्यातले पाच दिवस घरात मी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या.

सासरे गेल्यावर आत्यांना आम्ही हदगावजवळच्या गावातून इकडं आणलं होतं. त्यांचा उजवा कान पूर्ण गेलेला, डावा अगदी जवळ जाऊन मोठ्यानं बोललं तरच चालतो. गावात त्यांचं दार दिवसभर उघडं असायचं. इथंही त्या सकाळी दार उघडून ओट्यावर बसत आणि दिसेल त्याला विचारत, पाणी देऊ का. भाजीवाला, मीटरवाला, पत्ता चुकलेला, सगळ्यांना पाणी.

दुसरं घर फुटलं पंधरा दिवसांनी, आमच्यापासून चौथं. तेही दुपारी. मग गल्लीत लोखंडी जाळीचे दरवाजे आले, दोघांनी कॅमेरे बसवले. मोबाईलवरच्या ग्रुपवर रोज कुणाचा तरी फोटो यायचा. हा माणूस दोनदा दिसला, ही गाडी कुणाची. मीही एकदा एका चादरीवाल्याचा फोटो टाकला. त्याला पुढच्या गल्लीत पोरांनी अडवलं, आधारकार्ड बघितलं, शिव्या दिल्या आणि सोडलं. तो परत आमच्या भागात आला नाही. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं.

आमच्या घरात सोनं फार नव्हतं, पण जे होतं ते पहिलंच होतं. माझ्या लग्नातलं गंठण, माझ्या आईच्या दोन पाटल्या आणि आत्यांची बोरमाळ. आमच्या घराण्यात त्याआधी कुणाच्या गळ्यात सोनं नव्हतं. आत्यांनी दुसऱ्यांच्या शेतात खुरपून, कापूस वेचून ती माळ केली होती. सासऱ्यांनी एक रुपया घातला नाही, हे त्या अभिमानानं सांगत. बँकेत लॉकर मागितलं होतं. सध्या रिकामं नाही, नाव लिहून ठेवतो, असं उत्तर मिळालं होतं.

मग तो शनिवार आला. शनिवारी आमची शाळा सकाळची असते, म्हणून मी एकच्या सुमारास घरी पोचले. ओट्यावर दोन तरुण माणसं उकिडवी बसलेली. समोर वाटीत पिवळं पाणी, ब्रश, कसली तरी पूड. आणि आत्यांच्या हातात बोरमाळ. गळ्यातून काढलेली, द्यायच्या बेतात असलेली. मला बघून दोघं उठले. एक म्हणाला, मॅडम, आजीबाईंची पितळी समई उजळून दिली, पैसे राहू द्या. चालत गेले, पळाले नाहीत. त्यातल्या एकानं जाताना वळून घराकडं पाहिलं. माझ्याकडं नाही, घराकडं. दारं, खिडक्या, गच्ची. 

त्या दिवशी मी आत्यांना बोलू नये ते बोलले. बहिऱ्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागतं, आणि मोठ्यानं बोलताना राग वाढतच जातो. त्यांनी बोरमाळ माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तूच ठेव."

सोमवारी शाळेत जाताना मी दाराला बाहेरून कुलूप लावलं. आत्या आतच होत्या.

त्यांना सांगितलं होतं. कानाशी तोंड नेऊन म्हटलं होतं की तुम्हाला बेल ऐकू येत नाही, माणूस ओळखू येत नाही, तर मी बाहेरून लावून जाते. त्या म्हणाल्या, "लाव की माय. मी कुठं जाऊन राहिले?" मागच्या अंगणाच्या दाराला मी आतून कुलूप घालत होते, कारण नुसत्या कडीचा भरवसा नव्हता. दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये. समोरची खिडकीही बंद ठेवायला लावली, उगाच बाहेरून कोणी बघायला नको. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. तो असायचा तेव्हा मीही घरी असायचे, दारं उघडी असायची, आत्या मागच्या अंगणात उन्हाला बसलेल्या असायच्या. त्याला कळायचं कारण नव्हतं. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

कुलूप लावल्यावर मला वाटलं होतं भीती कमी होईल. ती वाढली. कुलूप ओढून बघायचे, फाटकापर्यंत जायचे, परत येऊन ओढून बघायचे. दोनदा त्यापायी बस चुकली. दागिने आधी कपाटात होते, मग गादीच्या खोळीत, मग तांदळाच्या पिंपात तळाशी, जुन्या रुमालात बांधून. फळ्यावर गणित लिहिता लिहिता मनात यायचं, पिंपाचं झाकण नीट बसवलं का. घरी फोन करून उपयोग नव्हता, आत्यांना वाजलेला ऐकूच येत नसे. रस्त्यात कोणी जरा जास्त वेळ माझ्या पर्सकडं पाहिलं तरी मी ती छातीशी धरायचे. आणि गंमत म्हणजे, आता म्हणते गंमत, या सगळ्यात आत कोंडलेल्या म्हाताऱ्या बाईची काळजी मला फार वाटत नव्हती. त्या आत होत्या, म्हणजे सुरक्षित होत्या.

असा महिना गेला. थंडीचे दिवस होते. एका बुधवारी मधली सुट्टी संपून मी चौथीच्या वर्गात नुकतीच शिरले होते तेव्हा फोन आला. आमच्या घरासमोर एक निवृत्त एसटी चालक राहतात, त्यांच्या पत्नीचा फोन. त्या सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "मॅडम, आज लवकर आलात का? दाराला कुलूप दिसेना."

मी म्हटलं, मी तर शाळेत आहे.

"मग आत कोण हाय? दार तर आतून लावल्यावानी दिसून राहिलं. कोयंडा वाकडा झालाय."

"आत्या आहेत आत," मी म्हटलं.

 मग त्या हळू म्हणाल्या, "आजी? आजी तर गावाकडं गेल्या ना? महिनाभर दिसल्या न्हाईत. तुमच्या घराला तर रोज कुलूपच असतंय."

मला त्या क्षणी सगळं समजलं. समोरच्या घरातल्या बाईला जर आमचं घर रिकामं वाटत होतं, तर ज्याला रिकामं घरच हवं होतं त्याला काय वाटलं असेल? ते कुलूप मी रोज सकाळी माझ्या हातानं लावत होते आणि तीन-तीनदा ओढून पक्कं करत होते.

वर्गातल्या पोरांना मी काय सांगितलं ते आठवत नाही. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी माझा चेहरा बघूनच मोटारसायकल काढली. नायगाव ते नांदेड तासाभराचा रस्ता. उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो की मला ओरडावंसं वाटायचं.  मी मागं बसून दर पाच मिनिटांनी समोरच्या वहिनींना फोन लावत होते. पोलिसांना कळवलंय, म्हणाल्या. गल्लीतल्या बायका फाटकापाशी जमल्या होत्या, पण आत जायला कोणी तयार नव्हतं. ते अजून आत असले तर, हातात काही असलं तर? त्यांचा राग यायला मला जागा नव्हती. नंतर म्हणाल्या, मागचं दार उघडं हाय म्हणतेत. मी विचारलं, आत्या दिसल्या का? त्यांनी उत्तर दिलं नाही. पुढचे दोन फोन त्यांनी उचललेच नाहीत.

फोन न उचलण्याचा एकच अर्थ मला सुचत होता. मी डोळे मिटले की आमचा हॉल दिसायचा, आत्यांची खाट दिसायची, आणि मी पटकन डोळे उघडायचे. नवऱ्याला फोन करायला हवा होता. केला नाही. केला असता तर त्यानं पहिला प्रश्न विचारला असता, आई बाहेर कशी आली नाही?

आम्ही पोचलो तेव्हा पोलीस नुकतेच आले होते. एक हवालदार आणि एक तरुण शिपाई. मागच्या दारानं ते आत गेले, त्यांच्या मागोमाग मी. मला थांबा म्हणाले, मी थांबले नाही. मागच्या दाराचं कुलूप आतून तोडून तिथंच टाकलेलं. स्वयंपाकघरात तांदूळ, तूरडाळ, पोहे, सगळं एकत्र सांडलेलं. पायाखाली तांदूळ करकरत होते. पिंप आडवं पडलेलं. त्याच्याकडं मी बघितलंसुद्धा नाही. हॉलमध्ये खाट रिकामी. आमच्या खोलीत गादी उलटलेली, कोणी नाही. मी आत्या, आत्या म्हणून ओरडत होते, आणि त्यांना ऐकू येत नाही हे त्या वेळी माझ्या डोक्यातच नव्हतं.

शिपाई म्हणाला, बाथरूम आतून बंद आहे.

त्यानं दार ठोठावलं. मग हवालदारानं ठोठावलं. दाराला खांदा लावून बघितला. आतून काही नाही. हवालदार म्हणाला, तोडावं लागेल. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आत्या आत जिवंत असल्या तर त्यांना एवढंच कळत असेल की कोणीतरी दार ढकलतंय. कोण, हे त्यांना कळायला मार्गच नाही. मी दोघांना बाजूला केलं. खाली बसले आणि दाराखालच्या फटीतून माझ्या साडीचा पदर आत सारला. जेवढा जाईल तेवढा. आणि हात फरशीला टेकवून बसून राहिले.

थोड्या वेळानं पदर आतून ओढला गेला. अगदी हलका. पण कडी निघेना. आतून आत्यांचा आवाज आला, "बोटं सुटंनात माय."

त्या कडीला दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. ती कडी ढिली होती, धक्का बसला की वर सरकायची. ती सरकू नये म्हणून त्यांनी ती दाबून धरली होती, आणि इतका वेळ धरली होती की बोटं तशीच आखडून गेली होती. शेवटी मनगटानं लोटून त्यांनी ती काढली. दार उघडलं तेव्हा त्या पालथ्या बादलीवर बसलेल्या होत्या, पाय ओले, लुगडं ओलं, थंडीनं ओठ काळपट. मी त्यांची बोटं एकेक करून सरळ केली.

काय झालं ते त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. त्या पाय धुवायला गेल्या होत्या. दाराच्या फटीतून हॉलमध्ये सावली हललेली दिसली. त्यांना वाटलं मीच लवकर आले. मग एक माणूस पाठमोरा दिसला, कपाटापाशी. त्यांनी कडी लावली. थोड्या वेळानं दार बाहेरून कोणीतरी ढकललं. एकदा, मग जोरात, मग पुन्हा. "तो काई तरी बोलत हुता," त्या म्हणाल्या. "मला काय म्हणतोय ते ऐकूच येईना. तेचंच लई भ्या वाटलं." मनातल्या मनात बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हणत राहिल्या, म्हणाल्या. मधेच विसरायच्या, पुन्हा पहिल्यापासून. तो माणूस कधी गेला ते त्यांना कळलंच नाही. त्यांच्या लेखी तो आम्ही दार उघडेपर्यंत बाहेर उभाच होता.

पंचनामा हॉलमध्ये बसून झाला. हवालदार पन्नाशीचा, शांत माणूस होता. काय गेलं ते त्यानं लिहून घेतलं. गंठण, पाटल्या, बोरमाळ. तांदळाच्या पिंपात होतं म्हटल्यावर तो म्हणाला, बाई, ते पहिलं तिथंच बघतात. मग त्यानं मान वर करून विचारलं, "आजी आत होत्या, तर बाहेरून कुलूप कुणी लावलं?"

दारात गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. समोरच्या वहिनी होत्या. मला घेऊन आलेले शिक्षक होते.  आत्यांचं लक्ष हवालदाराच्या ओठांकडं होतं. त्यांनी त्याला पुन्हा विचारायला लावलं, कानाशी येऊन. मग त्या म्हणाल्या, "म्याच लाव म्हणले तिला. मला ऐकू येत न्हाई. ती नको नको म्हणत हुती, मीच ऐकलं न्हाई."

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलले नाही. त्यानं तसं लिहून घेतलं आणि खाली आत्यांचा अंगठा घेतला.

नवरा लातूरहून संध्याकाळी आला. त्यालाही सगळ्यांनी तेच सांगितलं आणि त्याचा विश्वास बसला. पुढचा आठवडाभर तो घरी होता. नवी कुलपं, मागच्या दाराला आडवी पट्टी, समोर कॅमेरा, सगळं करत होता. मला वाटलं होतं मी गप्प राहीन. पण पाचव्या दिवशी सकाळी चहा पिताना तो म्हणाला, आई पण ना, काय हट्ट धरून बसते बघ. तेव्हा मला राहवलं नाही. मी खरं ते सांगितलं.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "गॅस पेटला असता तर?"

त्या अख्ख्या महिन्यात हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. दोन्ही दारांना कुलूप, किल्ल्या नायगावला, आणि आत दुपारी स्वतःचा चहा करून घेणारी बाई. चोरांना मी इतकी भीत होते की दुसऱ्या कशाला भ्यायला जागाच उरली नव्हती. त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीसमोर बराच वेळ उभी राहिले.

दोन आठवड्यांनी आत्या म्हणाल्या, मला गावाकडं नेऊन सोड. तिथं त्यांचा दुसरा मुलगा आणि सून, म्हणजे माझे दीर-जाऊ, राहतात. नवऱ्यानं समजावलं, मुलीनं फोनवरून समजावलं. त्या ऐकेनात. शेवटी एका रविवारी मीच त्यांना घेऊन निघाले. हदगावच्या स्टँडवर उतरलो, गावची गाडी यायला वेळ होता. बाकावर बसलो होतो. मी त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून विचारलं की पोलिसांपुढं तुम्ही खोटं का बोललात.

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. "तेच्या कागदावर तुझं नाव कशाला?" त्या म्हणाल्या. "तू मास्तरीण हायस. कागद लई दिवस ऱ्हातो."

मी म्हटलं, माझ्यावर राग असेल तर बोला.

"राग न्हाई," त्या म्हणाल्या. मग गाडी येताना दिसली तेव्हा म्हणाल्या, "पण त्या घरात दार लागलं की मला न्हाणीत बसल्यावानी वाटतंय. आणि एक सांगते. तू पयल्या दिवशी कुलूप लावलं ना, तवाच मला लई भ्या वाटलं हुतं. म्या बोलले न्हाई."

त्या गाडीत चढल्या. पिशवी मी वर ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले. 

चोर सापडले नाहीत. एकदा पोलिसांनी बोलावून काही दागिने दाखवले, त्यात आमचं काही नव्हतं. लॉकर नंतर मिळालं. त्यात आता घराची कागदपत्रं आहेत. आत्या गावातच असतात. मी महिन्यातून दोनदा जाते. पोचल्यावर मोठ्यानं हाक मारत नाही, मागून जात नाही. समोर जाऊन त्यांना दिसेपर्यंत उभी राहते, कारण पाठीमागून कोणी आलं की त्या अजून दचकतात आणि हात आपोआप काहीतरी घट्ट धरतात. खाटेचा पाय, दाराची चौकट, जे सापडेल ते.

मी अजून त्याच घरात आहे. सकाळी निघताना समोरच्या वहिनींना सांगून जाते, एक किल्ली त्यांच्याकडं असते. कुलूप एकदाच ओढून बघते. पण शाळेतून येताना गल्लीत कुठल्याही बंद घराला बाहेरून कुलूप दिसलं की मी थबकते. मला उगाच वाटत राहतं की आत कोणीतरी आहे. एकदा तर एका घराच्या खिडकीपाशी जाऊन मी हाक मारली. आतून उत्तर आलं नाही. घरमालक लग्नाला गेलेत हे मला माहीत होतं. तरीही मी तिथं बराच वेळ उभी होते.